गतीचे नियम समजायचे असतील तर तिसऱ्यापासून सुरुवात करा

टेबलावर एक पुस्तक ठेवलं आहे. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा आधार वर. दोन्ही बलं समान आणि विरुद्ध. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते. मग ही दोन बलं म्हणजे त्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का?

तिन्ही नियम तोंडपाठ असलेले विद्यार्थीही इथे बेधडक 'हो' म्हणतात. उत्तर 'नाही' असं आहे. पटत नसेल तर तेच टेबल लिफ्टमध्ये ठेवून पाहा. लिफ्ट वर जायला लागली की त्या क्षणी टेबल पुस्तकाला वजनापेक्षा जास्त जोराने वर ढकलतं. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी मात्र कुठेही, कधीही असमान होत नाही. जी दोन बलं कधी समान असतात आणि कधी नसतात, ती अशी जोडी असूच शकत नाहीत. स्थिर टेबलावर ती समान दिसतात, कारण पुस्तकाचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, शून्य आहे. म्हणजे ही समानता दुसऱ्या नियमातून (निष्पन्न बल = वस्तुमान × त्वरण) आली, तिसऱ्यातून नव्हे.

मग वजनाची खरी जोडी कोणती? पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तेव्हा पुस्तक पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, तेव्हा पुस्तक टेबलाला तेवढ्याच बलाने खाली दाबतं. या झाल्या दोन स्वतंत्र जोड्या. एक गुरुत्वाकर्षणाची, दुसरी स्पर्शाची. प्रत्येक जोडीतली दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून ती एकमेकांना कधीच 'रद्द' करत नाहीत. रद्द होतात ती एकाच वस्तूवरची बलं.

माझं मत असं की नियम शिकताना क्रम उलटा करावा. १६८७ साली न्यूटनने ज्या क्रमाने ते मांडले त्यामागे तर्क आहे, पण नव्याने शिकणाऱ्याला आधी बल म्हणजे काय हे कळायला हवं आणि ते तिसऱ्या नियमात आहे. बल ही कुठल्या एका वस्तूकडे साठवलेली गोष्ट नाही. ते दोन वस्तूंमध्ये घडतं. म्हणून प्रत्येक बलाला दोन नावं लागतात: कोणावर आणि कोणाकडून. 'पुस्तकावर, टेबलाकडून.' 'पुस्तकावर, पृथ्वीकडून.' जोडीदार बल शोधायचं तर ही दोन नावं फक्त उलटी करायची: 'टेबलावर, पुस्तकाकडून.' ज्या बलाचं 'कोणाकडून' सांगता येत नाही, ते बलांच्या आकृतीत काढायचं नाही. इतकी एक सवय लागली तरी या विषयातल्या बहुतेक चुका जागच्या जागी पकडल्या जातात.

चेंडूचंच उदाहरण घ्या. चेंडू १४.७ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर तो वर जात असताना त्याच्यावर कोणती बलं आहेत? 'फेकल्याचं बल वर आणि गुरुत्व खाली' हे उत्तर फार वेळा मिळतं. आता नावं विचारा. फेकल्याचं बल चेंडूवर कोणाकडून? हाताचा तर स्पर्शच सुटला. नाव नाही, म्हणजे बल नाही. हवेचा विरोध सोडला तर उरतं फक्त पृथ्वीचं बल, खालच्या दिशेने. चेंडू वर जातो आहे तो त्याच्याकडे वेग आहे म्हणून, बल आहे म्हणून नव्हे. एका सेकंदाने वेग ४.९ उरतो, दीड सेकंदाने शून्य होतो, दोन सेकंदांनी तो ४.९ च्या वेगाने खाली येत असतो. या सगळ्या वेळात त्वरण एकच, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खाली. अगदी वरच्या टोकालासुद्धा. तिथे वेग शून्य असतो, त्वरण नाही. त्वरणही शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

तिसऱ्या नियमाबद्दल आणखी एक गैरसमज खोलवर रुतलेला आहे: जो बलवान तो जास्त बल लावतो. दहा टनांचा ट्रक आणि एक टनाची मोटार समोरासमोर धडकली, तर ट्रकने मोटारीवर जितकं बल लावलं तितकंच मोटारीने ट्रकवर लावलं. समजा, धडकेच्या एखाद्या क्षणी ते बल ५०,००० न्यूटन आहे. मोटारीचं वस्तुमान १,००० किलो, म्हणून तिचं त्वरण ५० मीटर प्रति सेकंद वर्ग. ट्रकचं १०,००० किलो, म्हणून त्याचं ५. बल सारखं, परिणाम दहापट वेगळा. नुकसान जास्त कोणाचं यावरून बल जास्त कोणावर हे ठरवता येत नाही.

दोन स्प्रिंगकाटे एकमेकांत अडकवून दोघांनी ओढून पाहावं. कोणीही कितीही जोर लावला, धक्के दिले, चालत ओढलं, तरी दोन्ही काट्यांवरचे आकडे एकत्रच वर-खाली होतात. आधी क्रिया आणि मग प्रतिक्रिया असा क्रम तिथे दिसत नाही. आकडे थोडे वेगळे दिसले तर काटे आधी तपासून घ्या. न ओढता दोन्ही शून्यावर आहेत ना हे बघा, आणि ते आडवे धरूनच शून्य लावा, कारण उभ्या धरलेल्या काट्यावर त्याच्या स्वतःच्या हुकाचं आणि दांडीचं वजनही येतं.

याच काट्याचा एक जुना प्रश्न फार चांगला आहे. काटा आडवा ठेवला, दोन्ही टोकांना दोर बांधून ते दोन कप्प्यांवरून (दोरासाठी खाच असलेल्या चाकांवरून) खाली सोडले आणि दोन्हीकडे १०-१० न्यूटनची वजनं टांगली. काटा किती दाखवेल? शून्य आणि वीस ही दोन उत्तरं येतात. बरोबर उत्तर दहा. एका बाजूचं वजन काढून तो दोर खिळ्याला बांधला तर काट्याला काही फरक कळणार नाही. खिळाही त्याला दहाच्याच बलाने ओढेल. एका टोकाने ओढताना दुसरं टोक कोणीतरी धरून ठेवावंच लागतं, हे आपण काटा भिंतीला टांगतो तेव्हा विसरतो.

या नियमाचा गैरसमज किती मोठ्या जागी होऊ शकतो याचं प्रसिद्ध उदाहरण १३ जानेवारी १९२० चं आहे. रॉबर्ट गॉडार्ड यांच्या अग्निबाणाच्या कल्पनेवर न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात टीका केली. सूर असा की, पोकळीत ढकलायला काही नसताना अग्निबाण पुढे कसा जाईल? अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यानंतर, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वर्तमानपत्राने चूक दुरुस्त केली. दोन नावांचा प्रश्न इथेही पुरतो. अग्निबाणावर बल कोणाकडून? स्वतःच्या नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूकडून. तो वायू अग्निबाणाने मागे ढकलला आणि वायूने अग्निबाणाला पुढे. या जोडीत बाहेरची हवा कुठेच नाही. उलट हवेचा अडथळाच होतो.

आकृती: एका वेळी एकच वस्तू

दुसरा नियम लिहायला सोपा आहे: निष्पन्न बल = वस्तुमान × त्वरण. गडबड होते ती 'निष्पन्न' या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याने. वस्तूवर बाहेरून लागणाऱ्या सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज म्हणजे निष्पन्न बल. ही बेरीज चुकू नये म्हणून फ्री बॉडी डायग्राम काढायचा. एक वस्तू निवडा, तिच्याभोवती मनात कुंपण घाला. कुंपणाला बाहेरून काय काय स्पर्श करतं ते मोजा: जमीन, दोरी, हात, हवा. प्रत्येक स्पर्शाला एक बल. पृष्ठभागाचा स्पर्श असेल तर ते बल दोन तुकड्यांत लिहायचं, पृष्ठभागाला लंब तो अभिलंब आणि पृष्ठभागालगत ते घर्षण. स्पर्शाविना लागणारं बल नेहमीच्या गणितात एकच, वजन. बस. 'वस्तुमान × त्वरण' हा बाण आकृतीत काढू नका. ते बल नाही, बलांच्या बेरजेचं फळ आहे. आणि वस्तूने दुसऱ्यावर लावलेलं बलही या आकृतीत येत नाही. ते त्या दुसऱ्या वस्तूच्या आकृतीत जातं.

एक खोकं घेऊ. वस्तुमान २० किलो, सपाट फरशी, स्थितिक (खोकं स्थिर असतानाचा) घर्षण गुणांक ०.४, गतिक (ते सरकत असतानाचा) घर्षण गुणांक ०.३. वजन २० × ९.८ म्हणजे १९६ न्यूटन. आडवं ढकललं तर अभिलंब बलही १९६. स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा ०.४ × १९६ = ७८.४ न्यूटन, आणि सरकायला लागल्यावरचं घर्षण ०.३ × १९६ = ५८.८ न्यूटन.

आता ५० न्यूटनने ढकला. घर्षण किती? अनेक जण ७८.४ लिहितात. तसं असतं तर खोकं ढकलणाऱ्याच्याच अंगावर सरकत आलं असतं. घर्षण ५० च आहे. स्थितिक घर्षण गरजेपुरतं असतं, गुणांकातून फक्त त्याची मर्यादा कळते. १०० न्यूटनने ढकललं तर मर्यादा ओलांडली जाते, खोकं सुटतं, घर्षण ५८.८ वर येतं. निष्पन्न ४१.२ न्यूटन, त्वरण २.०६.

खरी गंमत आता आहे. तेच १०० न्यूटन, पण दोरी बांधून आडव्या रेषेच्या वर ३० अंशांत ओढा. या बलाचा आडवा भाग ८६.६, उभा भाग ५० न्यूटन वर. उभ्या दिशेत त्वरण नाही, म्हणून अभिलंब बल १९६ − ५० = १४६. सुटण्याची मर्यादा ५८.४, ती ८६.६ ने सहज ओलांडली. सरकताना घर्षण ४३.८, निष्पन्न ४२.८, त्वरण २.१४. आडवा भाग कमी होऊनसुद्धा त्वरण आडव्या ढकलण्यापेक्षा थोडं जास्तच आलं.

उलट, मागे उभं राहून तेच १०० न्यूटन ३० अंशांत खाली झुकवून ढकला. आडवा भाग तोच, ८६.६. पण उभा भाग आता फरशीकडे, त्यामुळे अभिलंब बल २४६ आणि घर्षणाची मर्यादा ९८.४. खोकं हलतच नाही. माणूस तोच, जोर तोच, कोन तोच. फक्त वरचा झुकाव खाली झाला. जड सामान ढकलण्यापेक्षा ओढायला हलकं का जातं, याचं पूर्ण उत्तर या दोन ओळींच्या बेरजेत आहे. 'अभिलंब बल म्हणजे वजन' असं पाठ केलेल्याला ते कधीच सापडणार नाही. अभिलंब बलाचं स्वतःचं सूत्र नसतं. दर वेळी ते लंब दिशेच्या समीकरणातूनच काढावं लागतं.

घर्षणाबद्दल आणखी एक. 'घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं' हे वाक्य चुकीचं आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून ज्या बाजूला घसरत असतात किंवा घसरू पाहतात, त्या घसरण्याला घर्षण विरोध करतं. ट्रकच्या हौद्यात ठेवलेलं आपलं खोकं ट्रकबरोबर वेग घेतं, त्याला पुढे नेणारं बल घर्षणच असतं. गुणांक ०.४ असेल तर घर्षण त्याला जास्तीत जास्त ०.४ × ९.८ = ३.९२ इतकंच त्वरण देऊ शकतं. ट्रकने याहून जोरात वेग घेतला की खोकं मागे राहतं. या उत्तरात खोक्याचं वस्तुमान कुठेच नाही. वीस किलोचं असो वा दोनशे किलोचं, मर्यादा तीच.

हा गुणांक स्वतः मोजता येतो. फळीवर वस्तू ठेवा, फळीचं एक टोक हळूहळू उचला, वस्तू सुटेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, म्हणजे स्थितिक घर्षण गुणांक. २० सेंटिमीटर उंची आणि ५० सेंटिमीटर आडवं अंतर असेल तर ०.४. इथे नेहमीची चूक म्हणजे आडव्या अंतराऐवजी फळीची लांबी धरणं. लांबीने भागलं की कोनाचा साइन मिळतो, आपल्याला टॅन हवा असतो. दुसरी चूक, उचलताना हात थरथरणं. छोट्या धक्क्यानेही वस्तू लवकर सुटते आणि गुणांक कमी येतो. टोकाखाली एकेक पातळ वही सरकवत उंची वाढवली तर आकडे जास्त जवळजवळ येतात. आणि फळी पुसून घ्या. धूळ असेल तर तुम्ही फळीचं नव्हे, धुळीचं घर्षण मोजत असता.

दोरी, कप्पी आणि लिफ्ट

जोडलेल्या वस्तूंच्या गणितात विद्यार्थी अडतात ते कुंपण कुठे घालायचं हे न ठरवल्याने. कप्पीवरून दोरी, एका टोकाला ३ किलो, दुसऱ्याला २ किलो. जॉर्ज ॲटवूड यांनी १७८४ मध्ये अशा यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं. उद्देश साधा होता: मुक्त पतन इतकं झटपट घडतं की त्या काळच्या घड्याळांनी ते मोजणं कठीण होतं, म्हणून त्वरणच कमी करायचं.

दोन्ही वजनांभोवती एकच कुंपण घाला आणि दोरीच्या दिशेने चला. पुढे ढकलणारं २९.४, मागे खेचणारं १९.६, फरक ९.८ न्यूटन. हलवायचं एकूण वस्तुमान ५ किलो. त्वरण १.९६. दोरीतला ताण कुंपणाच्या आत राहिल्यामुळे समीकरणात आलाच नाही. आता ताण हवा असेल तर कुंपण एकाच वजनाभोवती घाला. २ किलो वर जातंय: ताण − १९.६ = २ × १.९६, म्हणून ताण २३.५२ न्यूटन. ३ किलोकडून पडताळा: २९.४ − ३ × १.९६ = २३.५२. जुळलं. ताण ना २९.४ आहे, ना १९.६, दोघांच्या मधला आहे आणि असायलाच हवा, नाहीतर दोन्हींपैकी एकाची दिशा उलटी झाली असती.

इथे थोडं थांबून कप्पीकडे बघा. कप्पी ज्या हुकावर टांगली आहे, त्यावर किती भार? कप्पी आणि दोरी वजनाने नगण्य धरली तर दोन्हीकडचे ताण मिळून ४७.०४ न्यूटन. पण टांगलेल्या वजनांची बेरीज तर ४९ आहे. १.९६ न्यूटन कुठे गेले? कुठेच नाही. जड वजन खाली त्वरित होतंय, हलकं वर. दोघांचा एकत्रित हिशेब खालच्या बाजूला ३ × १.९६ − २ × १.९६ = १.९६ न्यूटनचं निष्पन्न बल मागतो. तेवढं गुरुत्व आधाराने तोललेलं नाही, म्हणूनच ती व्यवस्था खाली चालली आहे. हातात धरून वजनं थांबवली की भार पुन्हा ४९, हात आणि हुक मिळून.

लिफ्टमधला वजनकाटा हाच धडा आणखी स्वच्छ देतो. ६० किलोची व्यक्ती काट्यावर उभी आहे. काटा गुरुत्व मोजत नाही, त्याला खाली दाबणारं बल मोजतो. लिफ्ट १.५ च्या त्वरणाने वर निघाली: काट्याने द्यायचं बल ६० × (९.८ + १.५) = ६७८ न्यूटन. पडद्यावर सुमारे ६९ किलो. एकसमान वेगाने वर जात असताना ५८८ न्यूटन, म्हणजे ६० किलोच. वरचा मजला आला आणि लिफ्ट मंदावू लागली, त्याच १.५ ने: गती अजून वर आहे, पण त्वरण खाली. ६० × (९.८ − १.५) = ४९८ न्यूटन, सुमारे ५१ किलो. 'लिफ्ट वर जाते तेव्हा वजन वाढतं' हे अर्धवट वाक्य इथे कोसळतं. काट्याला वेगाची दिशा माहीत नसते, त्याला त्वरण कळतं.

चिन्हांची चूकही याच गणितांत होते. आधी एक दिशा धन ठरवा आणि गणित संपेपर्यंत ती बदलू नका. ९.८ ला एकदा समीकरणात वजाचं चिन्ह दिलं आणि किंमत घालतानाही पुन्हा वजा घातलं, की खाली पडणारी वस्तू कागदावर वर उडते.

वर्तुळाकार गतीबद्दल थोडक्यात. 'अभिकेंद्री बल' नावाचा वेगळा बाण आकृतीत काढायचा नाही, कारण त्याचं 'कोणाकडून' सांगता येत नाही. ते काम आहे, आणि ते कधी ताण करतो, कधी घर्षण, कधी गुरुत्व. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला केंद्राकडे ४.५ चं त्वरण लागतं. ते टायर आणि रस्त्याच्या घर्षणाने द्यायचं तर गुणांक किमान ०.४६ हवा. ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर तो मिळाला नाही की गाडी बाहेर 'फेकली' जात नाही. ती वळू शकत नाही एवढंच. पूर्वीची सरळ वाट धरते.

पहिला नियम शेवटी का

बाह्य बल नसेल तर वस्तू स्थिर राहते किंवा एकसमान वेगाने सरळ जात राहते. हा तर दुसऱ्या नियमाचाच, बल शून्य असतानाचा प्रकार दिसतो. मग वेगळा नियम कशाला? कारण दुसरा नियम कुठे उभं राहून वापरायचा, हे पहिला सांगतो.

बसने करकचून ब्रेक लावला की उभा प्रवासी पुढे झेपावतो. त्याला पुढे ढकललं कोणी? नाव सापडत नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला सगळं सरळ दिसतं: बस मंदावली, पाय बसबरोबर मंदावले, वरचं अंग आधीच्या वेगाने जात राहिलं. बसमध्ये बसून हिशेब करणाऱ्याला मात्र समीकरण जुळवण्यासाठी एक पुढचं बल कल्पावं लागतं. ते छद्म बल. ज्या संदर्भ चौकटीत अशी बिननावाची बलं लागत नाहीत, ती जडत्वीय चौकट. अशी चौकट असते, हे पहिल्या नियमाचं खरं म्हणणं.

पृथ्वीसुद्धा काटेकोरपणे जडत्वीय नाही, ती फिरते. विषुववृत्तावर या फिरण्याचं त्वरण सुमारे ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, ९.८ पुढे किरकोळ, म्हणून खोक्याच्या आणि कप्पीच्या गणितात आपण ते सोडून देतो. पण वेळ पुरेसा दिला तर ते लपत नाही. १८५१ मध्ये लिऑन फूको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून लंबक सोडला. लंबकाच्या झोक्याची दिशा जमिनीच्या सापेक्ष सावकाश वळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली. त्या अक्षांशावर पूर्ण फेरीला सुमारे ३२ तास लागतात. दिशा वळवणारं बल कोणाकडून, याला उत्तर नाही. वळत होती जमीन.

फोनवरही हे तपासता येतं. बहुतेक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापी असतो, आणि आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप त्याचे कच्चे आकडे दाखवतं. त्यात गुरुत्वासहित त्वरणाचा पर्याय निवडा. फोन टेबलावर उताणा ठेवला की पडद्याला लंब दिशेत सुमारे ९.८ दिसेल, बाकी दोन दिशांत शून्याजवळ. फोन तर हलत नाहीये! त्वरणमापीच्या आत सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर एक चिमुकलं वस्तुमान असतं आणि स्प्रिंग किती दबली हे तो मोजतो. गुरुत्व फोनच्या कवचाला आणि आतल्या वस्तुमानाला सारखंच खेचतं, म्हणून त्याने स्प्रिंग दबत नाही. दाबतो तो टेबलाचा आधार. लिफ्टमधला वजनकाटाच हा, फक्त खिशात मावणारा.

आता नोंद चालू करून फोन अर्धा मीटर उंचीवरून जाड उशांच्या ढिगावर आडवा सोडा. पडायला ०.३२ सेकंद लागतात. सेकंदाला शंभर नोंदी होत असतील तर तीसेक नोंदी मिळतील, आणि त्या सगळ्या शून्याजवळ असतील. पडणाऱ्या फोनचं त्वरण ९.८ आणि त्वरणमापी दाखवतो शून्य. टेबलावर स्थिर असताना दाखवत होता ९.८. हा विरोधाभास नाहीसा होईपर्यंत पुढे जाऊ नये, इतकी ही गोष्ट मोलाची आहे. फोन सोडताना तो गोल फिरणार नाही याची काळजी घ्या. फिरला तर अभिकेंद्री त्वरणाचे आकडे मिसळतात आणि शून्य मिळत नाही.

वेळ वाढवा, बल कमी होतं

न्यूटनने दुसरा नियम संवेगाच्या (वस्तुमान × वेग) बदलातून मांडला होता. आजचं 'वस्तुमान × त्वरण' हे रूप अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांच्या हातून पक्कं झालं. धडकांसाठी जुनं रूपच सोयीचं आहे: सरासरी बल = संवेगातला बदल ÷ लागलेला वेळ. ६० किलोची व्यक्ती ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या गाडीत आहे. संवेग १,२०० किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. गाडी आदळली आणि ती व्यक्ती ०.०१ सेकंदात थांबली तर सरासरी बल १,२०,००० न्यूटन. ०.१ सेकंदात थांबली तर १२,०००, तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट. ते भयानक आहे, पण जगण्याची शक्यता उरते. पहिल्या वेळी थांबायला १० सेंटिमीटर मिळाले, दुसऱ्या वेळी एक मीटर. सीटबेल्टचा ताण सैल करणारी यंत्रणा, एअरबॅग, चुरगळणारं बॉनेट, हेल्मेटमधला थर्माकोल, सगळ्यांचं काम एकच: थांबण्याचं अंतर वाढवणं. म्हणून एकदा आदळलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, आणि दबलेला थर पुन्हा दबायला जागा देत नाही.

तिन्ही नियम एकत्र पाहायचे तर शेवटी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पाण्याचं भांडं, दोरा आणि एक दगड एवढंच लागतं. दगड १३० ग्रॅमचा आणि ५० घनसेंटिमीटरचा धरू. भांडं अर्धं भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दोऱ्याने बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा किती दाखवेल, हे बुडवण्याआधी कागदावर लिहून ठेवा. दगड दोऱ्याने धरलाय म्हणून शून्य, असं वाटणं साहजिक आहे. काटा ५० ग्रॅम दाखवतो. पाणी दगडाला ५० ग्रॅम पाण्याच्या वजनाइतक्या बलाने वर ढकलतं, म्हणून दगड पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो, आणि काटा पाण्याखाली आहे. दोरा स्प्रिंगकाट्याला बांधलेला असेल तर तो १३० वरून ८० ग्रॅमवर आलेला दिसेल. दोरा सैल करून दगड तळाला टेकवा: वरचा काटा शून्य, खालचा १३०. मधल्या कुठल्याही टप्प्यावर हात स्थिर ठेवला तर दोन्ही आकड्यांची बेरीज १३० च भरते. दगड झटक्याने वर-खाली केला की मात्र क्षणभर ती बेरीज मोडते, कारण तेव्हा त्याला त्वरण असतं.